पोरं घेऊन विमान बदलायचंय? इंदूरकरांसाठी मधल्या तासांची तयारी

इंदूरच्या माणसाने परदेशी जायचं ठरवलं की एकदा, कधी दोनदा विमान बदलणं आलंच. आपल्या एरोड्रमवरून, म्हणजे इंदूरच्या विमानतळावरून, थेट बाहेर जाणारं विमान विरळा. बहुतेकांना दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते आणि तिथून पुढे. एकटं असलं तर मधल्या चार-पाच तासांत चहा घ्यावा, पुस्तक काढावं. पण एक कडेवर आणि एक बोटाला असं निघालं की सगळ्या प्रवासाचा सूर तेच तास ठरवतात.

गेल्या चार वर्षांत आम्ही तीनदा असे निघालो. दोनदा दिल्ली-सिंगापूर करत मेलबर्नला ताईकडे, मध्ये एकदा मुंबई-दोहा करत जर्मनीला दिरांकडे. पहिल्या खेपेला मोठी चार वर्षांची होती आणि धाकटा दहा महिन्यांचा. ती खेप रडण्यात गेली (पोरांच्या आणि माझ्याही), दुसरी कशीबशी निभावली आणि तिसऱ्या वेळी मोठीने विचारलं, "आई, येताना पण इथेच थांबायचं ना?" त्या तीन खेपांत जे कळलं ते क्रमाने लिहिते.

१. लेओव्हर (दोन विमानांमधला थांबा) तिकीट काढतानाच निवडा

विमानतळावर पोहोचल्यावर सुधारता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तिकीट काढतानाच बिघडवता येतं. म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिली गोष्ट, सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या. इंदूर-मुंबई वेगळं आणि मुंबईहून पुढचं वेगळं काढलं तर चार पैसे वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर ती जबाबदारी तुमची. शिवाय मध्ये बॅगा उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं. हे शहाणपण आम्ही मुंबईत विकत घेतलं. इंदूरहून गेलेलं विमान टर्मिनल १ ला उतरलं, पुढचं होतं टर्मिनल २ वरून. कागदावर मध्ये साडेतीन तास होते. विमान पन्नास मिनिटं उशिरा पोहोचलं, पट्ट्यावर बॅगा यायला अर्धा तास गेला, आणि मग कळलं की ही दोन टर्मिनलं शेजारी शेजारी नाहीत, मधला रस्ता मुंबईच्या रहदारीतून जातो. टॅक्सीत धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता आणि हे पुढच्या सीटवरून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. परदेशी विमानांचं चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याला पाचच मिनिटं उरली होती. वाचलेल्या चार हजारांचं नाव त्यानंतर घरात कोणी काढलेलं नाही.

दुसरी गोष्ट, तास. तिकीट विकणारे दीड तासाचं कनेक्शनही "चालतं" म्हणून दाखवतात. चालतं, पण पळणाऱ्या माणसाला. पोरांसोबत माझा हिशेब असा: दिल्ली किंवा मुंबईत देशातलं विमान सोडून परदेशी विमान धरायचं असेल तर किमान चार तास, कारण मध्ये इमिग्रेशन आणि सिक्युरिटी दोन्ही आहेत. सिंगापूर-दोहासारख्या ठिकाणी विमानातून विमानात जायचं असेल तर तीन ते पाच तास. सहाच्या वर गेलात तर टर्मिनलच्या आतल्या हॉटेलची खोली बघा, नाहीतर शेवटचे दोन तास तुम्ही पोरांना नव्हे, पोरं तुम्हाला सांभाळतील.

येतानाचा लेओव्हर जातानापेक्षा लांब ठेवा. परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर सहसा बॅगा उचलून कस्टम्समधून बाहेर काढाव्या लागतात आणि इंदूरच्या विमानासाठी पुन्हा सोपवाव्या लागतात, तिकीट एकच असलं तरी. "बॅगा थेट इंदूरला" असं समजून पुढे निघून गेलेल्या एका काकूंना दिल्लीत परत फिरताना मी पाहिलंय.

तिसरी गोष्ट, ऋतू. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटे धुकं असतं आणि विमानं रखडतात. त्या दोन महिन्यांत सकाळची दिल्ली टाळा, दुपारची घ्या किंवा मुंबईवरून जा. जुलैत उलट, मुंबईचा पाऊस.

आणि सीट. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडील यांपैकी एकाच्या शेजारची जागा द्यावी, असं डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावलं आहे, एकाच पीएनआरवर असलात तर. काउंटरवर वाद न घालता एवढं वाक्य शांतपणे म्हणा, बहुतेकदा काम होतं.

२. कागद

एका पारदर्शक पाउचमध्ये, गळ्यात किंवा कमरेला. मोठ्या पर्सच्या तळाशी अजिबात नको.

- प्रत्येकाचा पासपोर्ट. तान्ह्या बाळालाही स्वतःचा लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तेव्हा तारीख आधी बघा. आमच्या मोठीचा निघायच्या दोन महिने आधी संपत होता हे आजीच्या लक्षात आलं, आमच्या नाही.
- व्हिसाच्या प्रती, पोहोचायच्या देशाच्या आणि मधल्या देशाचा लागत असेल तर त्याच्याही.
- दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला. देशातल्या विमानातही वयाचा पुरावा मागतात, नसला तर मोठ्या मुलाचं भाडं लावू शकतात.
- आई किंवा वडील एकटेच नेत असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र. काही देश विचारतात.
- तिकिटाची छापील प्रत. फोनची बॅटरी नेमकी गेटवर संपते.
- औषधांची चिठ्ठी, विशेषतः सिरप किंवा इन्हेलर असेल तर.

३. हातातली बॅग

परदेशी विमानांत हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांतच चालतात. बाळाचं दूध, पेज, औषध यांना प्रवासापुरती सूट असते, पण ते वर ठेवा आणि मशीनपाशी स्वतःहून दाखवा. तूप, चटणी, लोणच्याचा खार हेही द्रवातच धरतात. सासूबाईंनी दिलेली तुपाची बरणी मोठ्या बॅगेत टाका, तीही दोन पिशव्यांत गुंडाळून.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत घेऊ नका. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून त्याला मनाई आहे. ताईसाठी नेलेल्या अर्धा किलो वाट्या आम्ही काउंटरवरच काढून ठेवल्या. पॉवर बँकचं उलटं आहे, तो फक्त हातातल्या बॅगेतच.

खाऊ म्हणून सगळ्यात कामी येते ती आपली शेव. सांडली तरी डाग पडत नाही, उघडी राहिली तरी आंबत नाही, आणि दोन्ही पोरांना एकेक दाणा खायला वीस मिनिटं पुरते. सोबत दशम्या, राजगिऱ्याच्या वड्या, भाजलेले मखाणे. जीरावन मसाल्याची पुडी ठेवाच. विमानात मिळालेल्या फिक्या उपम्यावर मोठीने ती भुरभुरली आणि पलीकडच्या सीटवरचे गृहस्थ "आप इंदौर से हैं क्या?" म्हणत वळले. ते निघाले सुदामानगरचे. मेलबर्नला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: उरलेला खाऊ उतरताना फॉर्मवर लिहावा लागतो, लपवू नका, ऑस्ट्रेलियात दंड जबर असतो.

कपड्यांचा एक जोड प्रत्येक पोराचा, आणि एक तुमचाही. हा शेवटचा शब्द सगळे विसरतात. उलटी पोराला होते, पण ती पडते आईच्या अंगावर.

रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, एक जुनं मऊ दुपटं, चिकटवायच्या चित्रांची वही, आणि दोन छोट्या नव्या वस्तू ज्या पोरांनी आधी पाहिलेल्या नाहीत. एक दिल्लीत काढायची, एक पुढच्या विमानतळावर. घरीच दाखवल्यात तर एरोड्रम रोडवरच त्यांची नवलाई संपते.

४. उतरल्यावरची पहिली वीस मिनिटं

सगळे खाण्याकडे धावतात. तुम्ही आधी ही चार कामं उरका, याच क्रमाने: शौचालय, पुढचं गेट कुठलं ते फलकावर बघणं, ट्रान्सफरची सिक्युरिटी पार करणं, बाटल्या भरणं. खेळ आणि खाणं सिक्युरिटीच्या पलीकडे. अलीकडे रमलात तर पलीकडच्या रांगेचा अंदाज चुकतो आणि मग पळापळ. दोह्यात विमानातून विमानात जातानाही पुन्हा तपासणी होते, तेव्हा भरलेली बाटली तिथे ओतावी लागते.

घड्याळाचा सापळा इथलाच. बोर्डिंग पासवरची वेळ त्या विमानतळाची असते. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे, दोहा अडीच तास मागे, दुबई दीड तास मागे. फोन वायफायला जोडेपर्यंत कधी कधी जुनीच वेळ दाखवतो. एका घड्याळात तिथली वेळ हाताने लावून टाका.

५. आधी दमवा, मग झोपवा

पोरं विमानात झोपावीत असं वाटत असेल तर ती विमानतळावर दमली पाहिजेत. पहिल्या खेपेला मी नेमकं उलटं केलं. दिल्लीत दोघांना खुर्चीत बसवून मोबाईलवर कार्टून लावून दिलं, "शांत बसा" म्हणत चार तास काढले, आणि विमानात शिरल्यावर त्यांचे पाय सुटले. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास आम्ही आलटून पालटून शौचालयापर्यंत फेऱ्या मारल्या.

आता आमचा नियम म्हणजे स्क्रीन विमानात, विमानतळावर पाय. सरकत्या पट्ट्यावर चालणारा आणि बाजूने चालणारा यांची शर्यत. विमानांच्या शेपट्या ओळखणं, प्रत्येक नव्या चिन्हाला एक गुण. याची तालीम घरीच करता येते; इंदूरच्या विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर दर्शनाला गेलात की उतरणारी विमानं दाखवा.

प्रत्येक विमानतळावर पोरांना शोधायला काहीतरी द्या. आम्ही दिलेलं असं:

दिल्ली, टर्मिनल ३. परदेशी जाताना सिक्युरिटीनंतर सूर्यनमस्काराच्या बारा आसनांचे पुतळे लागतात. धाकट्याने शाळेत शिकलेले नमस्कार तिथेच घालायला घेतले आणि चौथ्या आसनात अडकला. मग पुतळ्याकडे बघून पाय कुठला मागे ते ठरवलं. येताना इमिग्रेशनच्या भिंतीवरच्या मोठ्या हातांच्या मुद्रा. त्या रांगेत पोरं कंटाळतात तेव्हा "ही करून दाखव" एवढंच म्हणायचं.

मुंबई, टर्मिनल २. ही इमारत मोराच्या कल्पनेवर बांधली आहे. छतात, खांबांत मोरपिसाचे डोळे किती सापडतात ते मोजायला लावा. देशभरच्या कलावस्तू मांडलेली लांबच लांब भिंतही तिथे आहे. जुने दरवाजे, झरोके, मुखवटे. गाईडसारखं समजावत बसू नका, मुलांना फक्त मुखवटे हवे असतात.

दोहा. मधोमध सुमारे सात मीटर उंच पिवळं अस्वल बसलेलं आहे, डोक्यात दिवा खुपसलेलं. भेटण्याची खूण म्हणूनही उत्तम. काशाच्या गोलमटोल आकृत्यांवर चढून खेळायची जागा आहे, आणि २०२२ पासून छताखाली झाडांची बागही.

सिंगापूर. पोरांसाठी याहून चांगला विमानतळ मी पाहिलेला नाही. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग. एक फुलपाखरू मोठीच्या बाहीवर बसलं तेव्हा तिने दोन मिनिटं श्वास रोखल्यासारखा हात धरला होता. टर्मिनल २ मध्ये सूर्यफुलांची बाग, रात्री तिथे हवाही बरी लागते. ४० मीटर उंचीचा प्रसिद्ध धबधबा मात्र ज्युएल नावाच्या, विमानतळाला जोडलेल्या मॉलमध्ये आहे, आणि ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर. नाराज होऊ नका. टर्मिनलांमधली छोटी स्कायट्रेन त्या इमारतीतूनच जाते, आतल्या प्रवाशांनाही काचेतून धबधबा दिसतो. आम्ही फुकटात तीनदा गेलो-आलो.

आणि काहीच नसेल तर मोठी काच शोधा. दिल्लीत पहाटे चार वाजता आम्ही अशाच एका काचेपाशी होतो. धाकट्याच्या एका पायात निळा मोजा, दुसरा पाय उघडा. नाक काचेला चिकटलेलं, श्वासाने काच धुरकट व्हायची, तो बाहीने पुसायचा. खाली बॅगांच्या गाड्या एकामागे एक जोडून जात होत्या. "चार डबे. आई, आता सात. एक बॅग पडली!" एक माणूस उतरला, बॅग उचलली, वर बघून हात हलवला. त्या माणसाची चर्चा इंदूरला परतल्यावरही आठवडाभर चालली.

बोर्डिंगच्या दीड तास आधी मात्र दिवे मंद असलेला कोपरा, दुपटं, गोष्ट.

६. खाणं

एकदाच, बसून, घरच्या वेळेनुसार. तिथे रात्रीचे अडीच वाजले असले तरी पोराचं पोट इंदूरच्या घड्याळावर असतं. दही-भात, साधा डोसा, केळं, जे ओळखीचं दिसेल ते. नवी चव तुम्ही घ्या, पोरांवर प्रयोग नको.

७. बाहेर पडावं का?

सहसा नाही. मुंबईत देशातल्या देशात विमान बदलत असाल आणि मावशी अंधेरीलाच राहत असेल तरी पाच तासांच्या आत नको. पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा रहदारी. सिंगापूरला किमान साडेपाच तास थांबणाऱ्यांसाठी मोफत शहर फेरी आहे, पण इमिग्रेशन ओलांडावं लागत असल्याने भारतीय पासपोर्टला प्रवेशाची परवानगी हवी. व्हिसा किंवा ट्रान्झिट सवलतीच्या अटी निघण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. "आमच्या शेजाऱ्यांना सोडलं होतं" यावर विसंबू नका.

८. पोर नजरेआड झालं तर

निघतानाच, घरातून, दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटावर बॉलपेनने फोन नंबर, पुढे ९१ लावून, आणि वर पारदर्शक टेप. मुलांना एवढंच शिकवा: हरवलं तर चालायचं नाही, तिथेच थांबायचं, गणवेशातल्या माणसाला हाक मारायची. भारतात सीआयएसएफचे, म्हणजे विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या दलाचे जवान सगळीकडे दिसतात. मोठी एकदा दोन मिनिटं दिसेना, तर एका जवानाच्या शेजारी उभी राहून त्याला तिच्या शाळेतल्या भांडणाची हकीगत सांगत होती.

दोन मोठी माणसं असतील तर "आता पोरं तुझ्याकडे" असं तोंडाने म्हणून ताबा द्या. दोघांनाही दुसरा बघतोय असं वाटतं तेव्हाच पोर निसटतं.

९. विमान लांबलं तर

भारतातून सुटणाऱ्या विमानांसाठी डीजीसीएचे नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं विमान कंपनीने द्यायचं. लांबच्या उड्डाणांना ही मर्यादा तीन-चार तासांची. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबलं तर मुक्कामाची सोयही. पण मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. एकाने पोरांजवळ बसायचं, दुसऱ्याने काउंटरवर जायचं, आणि बाळ सोबत आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. कनेक्शन हुकणार असं दिसताच विमानातच कर्मचाऱ्यांना सांगा, उतरून रांगेत लागण्याची वाट बघू नका.

१०. शेवटचा तास

नॅपी बोर्डिंगच्या अगदी आधी बदला. मोठ्या पोरांना "लागली नाही" म्हणत असली तरी शौचालयात नेऊन आणा. मुलांसह आलेल्यांना आधी आत सोडतात. एकाने सामान घेऊन आधी जावं, दुसऱ्याने पोरांना घेऊन शेवटी. बंद विमानात वीस मिनिटं जास्त बसवण्यात काही फायदा नाही.

कानांसाठी बाळाला चढताना आणि विशेषतः उतरताना दूध किंवा पाणी पाजत राहा. गिळलं की कानातला दाब सुटतो. मोठ्या पोरांना खाऊची गोळी चोखायला. पोराला सर्दी असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्या.

आणि गेटवरून उठताना खुर्च्यांखाली एकदा वाकून बघा. आमचा तो निळा मोजा अजून दिल्लीतच आहे.